सांगितलेलं वजन

सदर इसम, पुरुष, विवाहित, वय वर्षे सत्तावन्न. उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर. वजन अडुसष्ट किलो (स्वतः सांगितल्याप्रमाणे). ओळखीची खूण: उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. हुद्दा: परिवहन आगार, पाटे विभाग, कारागीर, श्रेणी एक. सेवा एकतीस वर्षे. सेवासमाप्तीचे कारण: कमरेचे दोन मणके. वैद्यकीय शिफारस: सदर इसमाने घण मारू नये, दहा किलोपेक्षा जड वस्तू उचलू नये, तसेच कोणत्याही वाहनाच्या मागील चाकांच्या मागे बसून प्रवास करू नये. अवलंबून असलेल्या व्यक्ती: एक (पत्नी). शेरा: काही नाही.

या फॉर्मची झेरॉक्स सदर पत्नीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वयंपाकघराच्या खणात, काडेपेटीच्या बाजूला ठेवलेली आहे. वेळप्रसंगी चटकन हाताशी यावी म्हणून. फॉर्म भरला त्या दिवशी डॉक्टरांचा वजनकाटा दुरुस्तीला गेला होता.

लोक त्यांना पाटेमास्तर म्हणतात. पाटे म्हणजे मालवाहू गाडीच्या मागच्या चाकांवर असतात त्या पोलादी पट्ट्या. एकीखाली एक रचलेल्या, वरची सगळ्यात लांब, खालची सगळ्यात आखूड, सगळ्या मिळून किंचित कमान धरून बसलेल्या. गाडीत माल भरला की ही कमान दबते, खड्डा आला की आणखी दबते आणि पुन्हा वर येते. गाडीचं सगळं ओझं वाहायचं आणि कुणाच्या नजरेस पडायचं नाही, असं हे काम. पाटा तुटेपर्यंत गाडीमालकाला आपल्या गाडीला पाटे आहेत हे माहीत नसतं.

घराच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिच्या मधोमध एक रेघ आहे. ती कुणी आखलेली नाही, पण सगळ्यांना दिसते. रेघेच्या डावीकडे मास्तरांचं राज्य: जॅक, पाने, ग्रीसचा डबा, पाटा वाकवायचा हाती प्रेस. उजवीकडे त्यांच्या पत्नीचं: जाड सुईचं शिलाई मशीन आणि ट्रकवर घालायच्या ताडपत्र्यांचे ढीग. गाडी पाट्यांसाठी आली की बाई तिच्या फाटक्या ताडपत्रीकडे नुसतं बघतात. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

प्रेसचा दांडा मारायला जोर लागतो आणि जोर लावायला फॉर्मप्रमाणे मनाई आहे. त्यामुळे दांडा बाईच मारतात.

"अजून एक."

"पुरे झालं की."

"अगं, अजून एक. कमान अजून आलेली नाही."

"कमान आलीय. तुमचं समाधान आलेलं नाही."

असं करत रोज दोन-तीन गाड्या होतात.

मास्तरांचा एक सिद्धान्त आहे. वजनाबद्दल खरं बोलणारा माणूस त्यांनी पाहिलेला नाही. पोलिसाला कमी सांगायचं, गिऱ्हाइकाला जास्त, आणि पाटेवाल्याला पुन्हा कमी. पोलिसाला भीतीने, पाटेवाल्याला लाजेने. माणूस डॉक्टरला दिवसाच्या सिगारेटी सांगतो तशी गाडीवाला मास्तरांना किलो सांगतो. एकतीस वर्षांच्या निरीक्षणातून त्यांनी या लबाडीचं प्रमाण काढलं आहे: दीड. सांगितलेल्या आकड्याला दीडने गुणावं, म्हणजे खरं वजन हाताशी लागतं. एकदा एक फरशीवाला आला.

"मास्तर, गाडी मागे बसतेय. एखादा पाटा चढवा."

"माल किती घालतोस?"

"फार नाही हो. आठशे."

"म्हणजे बाराशे."

"आठशे म्हटलं ना!"

"ऐकलं मी. बाराशेच्या हिशेबाने चढवतो."

फरशीवाल्याने आपल्या चपलेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "साडेबाराशेच्या करा."

अशा प्रसंगांनंतर मास्तर दिवसभर खुशीत असतात, आणि बाई त्यांना दीडशहाणे म्हणतात.

तरी निव्वळ गुणाकारावर काम करणाऱ्यांतले ते नाहीत. त्यांचे दोन नियम आहेत. पहिला: गाडी दोनदा आणायची, एकदा रिकामी आणि एकदा रोजच्या मालाने भरून. दोन्ही वेळा ते खाली वाकून आस आणि वरचा रबरी ठोकळा यांच्यामधली जागा बोटांनी मोजतात. बोटं खोटं बोलत नाहीत; करंगळी वाकडी असली तरी ती मोजमापात धरलेली आहे. दुसरा नियम आगारातला. बसला पाटे बसवले की मास्तर शेवटच्या सीटवर जाऊन बसायचे आणि ड्रायव्हरला फाटकापर्यंत चक्कर मारायला लावायचे. तक्रारवहीत ड्रायव्हर लिहितो, वाहक लिहितो, पुढच्या सीटवरचे साहेब लिहितात. शेवटच्या सीटवर बसणारा काही लिहीत नाही, तो आपल्या थांब्यावर कंबर धरून उतरतो. त्याच्या वतीने मास्तर बसायचे. एकतीस वर्षं बसले, त्यात दोन मणके गेले.

फॉर्म आल्यापासून शेवटच्या सीटवर बादली बसते. निम्मी भरलेली पाण्याची बादली गाडीच्या मागच्या टोकाला ठेवायची, गल्लीतून चक्कर मारायची आणि किती पाणी सांडलं ते बघायचं. बादलीला मणके नसतात, हा तिचा फायदा. तोटाही तोच, पण तो कळायला मास्तरांना त्यांच्या लेकीची गाडी यावी लागली.

मास्तरांची मुलगी अकरा वर्षं एका प्रयोगशाळेत तराजूवर बसत होती. तिथे औषधांचे नमुने तपासत. काचेच्या पेटीतला तो तराजू. माणसाने जोरात श्वास सोडला तरी आकडा हलायचा. घरी कणीक मळायला घेतली तरी ती आधी वाटी पुसून, रिकामी तोलून मग पीठ घ्यायची. मास्तर तिला कौतुकाने आणि थोडं चिडवायला 'मिलिग्राम' म्हणत. "काय मिलिग्राम, आज किती तोललं?" "तीन ग्रॅम, बाबा." "दिवसभरात?" "दिवसभरात." टनांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे ऐकून उगाच हसू यायचं.

दोन वर्षांपूर्वी तिने ती नोकरी सोडली आणि मधमाश्या पाळायला घेतल्या. मास्तरांनी विरोध केला नाही. त्यांनी फक्त महिनाभर त्या विषयावर बोलणं टाळलं. मग त्यांना कळलं की मधापेक्षा मोठं काम वेगळंच आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत शेतवाल्यांना मधमाश्या हव्या असतात, परागासाठी. पेट्या गाडीत घालून न्यायच्या, फुलोरा संपला की परत आणायच्या. माश्यांनाही बदलीची नोकरी असते हे ऐकल्यावर मास्तरांना त्या जरा आपल्यातल्या वाटू लागल्या.

यंदा तिला सूर्यफुलाचं बियाणं करणाऱ्या एका कंपनीने बोलावलं. ऐंशी पेट्या, दोन खेपांत, फुलं उमलायच्या आत. आजवर ती तिच्या जुन्या पिकअपमधून तीस पेट्या नेत असे. आता एका खेपेला चाळीस न्यायच्या होत्या. गाडीच्या कागदांवर बाराशे किलोची परवानगी होती, पण कागद लिहिले तेव्हा पाटे नवे होते. आता तीस पेट्या भरल्या तरी गाडी मागून जमिनीला नमस्कार करी.

ती रिकामी गाडी घेऊन शेडमध्ये आली.

"बाबा, वजन वाढतंय. पाटे बघा ना."

"किती?"

"अकराशे."

मास्तरांनी मान हलवली. "भरून कधी आणतेस?"

"भरून नाही आणता येणार. माश्या दिवसभर बाहेर असतात. सूर्य मावळताना घरी आल्या की दारं लावायची, पहाटे पेट्या चढवायच्या आणि निघायचं. रंगीत तालमीसाठी त्यांना उचलता येत नाही. चिडतात."

"मग मी मोजू काय?"

तिने वही पुढे केली. चाळीस पेट्या, प्रत्येकीचं वजन वेगळं, खाली बेरीज. बेरजेखाली दोन रेघा. "पेट्या निवडतानाच मी बेरीज अकराशेवर बसवते, वर जाऊ देत नाही. झाकणं आणि पट्टे धरून."

मास्तरांनी वही पाहिली, मिटली आणि परत दिली. पहिला नियम तिथेच मोडला.

दुसऱ्या दिवशी काम करताना बाईंनी विचारलं, "आठ पाटे? आधी सहा होते ना?"

"ते झिजलेले होते."

"आणि हे इतके जाड?"

"दांडा मार गं."

अकराशेला दीडने गुणलं की सोळाशे पन्नास होतात. मास्तरांनी ते कागदावर केलं नाही, करायची गरजच नव्हती. एकतीस वर्षांत तो गुणाकार त्यांच्या हातात उतरला होता. शिवाय गाडी पोटच्या पोरीची. लोकांच्या गाडीला पुरेसं करायचं असतं, आपल्या माणसाच्या गाडीला पुरून उरायला हवं, असंही काहीतरी त्या जाड पाट्यांच्या मधे घातलं गेलं. शेजारच्या सिमेंटच्या गोदामातून हमालांनी पोती आणून ठेवली. पन्नास किलोचं एक, अशी तेहेतीस. मागच्या टोकाला बादली. गल्लीतून चक्कर झाली. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

"काय चालते!" मास्तर म्हणाले. "लोणी आहे लोणी."

संध्याकाळी मुलगी गाडी न्यायला आली तेव्हा पोती गोदामात परत गेली होती. तिने विचारलं, "किती वजनाला केलेत बाबा?"

"तुझ्या वजनाला."

खोटं म्हणता येणार नाही असं उत्तर होतं. खरं म्हणायलाही जागा नव्हती. ती थँक्यू म्हणाली आणि गेली.

पहिली खेप गेली आणि ती दुपारी परत आली. घरात न जाता थेट शेडमध्ये आली. बाईंनी मशीन थांबवलं, कारण मुलीने चप्पल काढली नव्हती आणि पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"नऊ पेट्यांतली पोळी तुटली," ती म्हणाली. "चौकटीतून निसटून खाली पडली. दारातून मध गळत होता. दोन पेट्यांतल्या राण्या मेल्या."

"रस्ता खराब असेल," मास्तर म्हणाले.

"रस्ता तोच आहे. मागच्या वर्षी याच रस्त्याने तीस पेट्या नेल्या होत्या."

"टायरांत हवा जास्त असेल."

"मी मोजते हवा."

ती मोजत असणार याबद्दल शेडमध्ये दुमत नव्हतं. मास्तरांनी पुढचं कारण शोधायला ग्रीसच्या डब्याकडे पाहिलं. तोवर मुलगी गाडीच्या मागच्या चाकापाशी खाली बसली होती. ती बोट लावून पाटे मोजत होती. एकदा मोजले, मग खालून वर पुन्हा मोजले. प्रयोगशाळेत प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायची पद्धत असते.

"आठ," ती म्हणाली. "बाबा, हे कितीला आहेत?"

मास्तरांनी ग्रीसच्या डब्याचं झाकण घट्ट केलं.

"कितीला आहेत?"

"सोळाशे पन्नास."

"मी अकराशे सांगितलं होतं."

"सगळे तसंच सांगतात."

"मी सगळे आहे का?"

प्रश्न साधा होता. दीडने गुणता येण्यासारखा मात्र नव्हता. बाहेर गोदामासमोर कुणीतरी पोती मोजत होतं, बावीस, तेवीस, चोवीस, आणि शेडमध्ये ते तिघांनाही स्पष्ट ऐकू येत होतं.

"चार दिवसांनी दुसरी खेप आहे," मुलगी म्हणाली. आता ती आईशी बोलत होती. "शेतावरचे साहेब म्हणाले, उरलेल्या पेट्या अशाच येणार असतील तर आणू नका, आम्ही दुसरीकडून मागवतो. म्हणजे हे वर्षही गेलं आणि पुढचंही. एकदा नाव गेलं की कोण बोलावतंय? मी नोकरी सोडून दोन वर्षं यासाठी घालवली नाहीत. मी समोरच्या गॅरेजात जाते. त्यांना फार येत नाही, पण सांगितलेलं ऐकतात."

समोरच्या गॅरेजवाल्याबद्दल मास्तरांचं मत असं होतं की त्याला पाटा आणि पाट यांतला फरक ठाऊक नाही. ते मत त्यांनी या वेळी मांडलं नाही. ते उठले. गाडीच्या मागे गेले, फळी खाली पाडली, एक पाय चाकावर दिला आणि दोन खेपांत, कण्हत, वर चढले. रिकाम्या हौद्यात अगदी मागच्या टोकाला, जिथे बादली ठेवायचे तिथे, मांडी घालून बसले.

"चल," ते म्हणाले.

"बाबा, उतरा."

"चल म्हणतो ना. गोल चौकापर्यंत जायचं आणि यायचं. नेहमी चालवतेस तशी चालव, बापाला जपून नको."

"अहो, फॉर्म!" बाई ओरडल्या आणि खरोखरच स्वयंपाकघराकडे धावल्या. प्लास्टिकच्या पिशवीसकट त्या बाहेर आल्या तेव्हा गाडी गल्लीच्या टोकाला पोचली होती. पहिल्याच गतिरोधकावर श्रेणी एकचे कारागीर चार बोटं हवेत गेलेले त्यांनी पाहिले.

परत आल्यावर मास्तरांना उतरवायला दोघी लागल्या. ते ताडपत्र्यांच्या ढिगावर आडवे झाले.

"पाटे नाहीत ते," मग म्हणाले. "ओटा आहे ओटा. दबतच नाहीत. अकराशे किलो त्यांच्या खिजगणतीतच नाही."

"आणि बादली?" बाईंनी विचारलं.

"बादली मी तेहेतीस पोत्यांबरोबर बसवली होती. तिने तेहेतीस पोत्यांचं सांगितलं. मी विचारलंच तेवढं होतं."

ही मास्तरांची माफी होती. तिच्यात माफीचा शब्द नव्हता, पण त्यांच्या घरात ती तशीच ओळखली जाते. मुलीने पिशवी खाली ठेवली आणि चप्पल काढली.

"समोर जाऊ की थांबू?" तिने विचारलं.

"वही दे," मास्तर म्हणाले.

पुढचे दोन दिवस शेडमध्ये दुसरं काम घेतलं नाही. फरशीवाला येऊन परत गेला. जाताना ताडपत्री शिवायला टाकून गेला. आठातले तीन जाड पाटे निघाले. त्यांच्या जागी वरून दुसरा एक लांब आणि पातळ पाटा आला, कमान थोडी जास्त दिलेला. प्रत्येक दोन पाट्यांच्या मधे ग्रीस आणि टोकांना पातळ पट्टी, म्हणजे एकमेकांवर घासून अडायचे नाहीत. आणि सगळ्यात खाली मास्तरांनी एक सरळ पाटा बसवला, अजिबात न वाकवलेला.

"हा काय करतो?" मुलीने विचारलं. ती तिथून हललीच नव्हती.

"काही नाही."

"म्हणजे?"

"गाडी रिकामी असली की काही करत नाही. वरच्यांना टेकतसुद्धा नाही. माल भरला, वरचे दबत दबत खाली आले, की मग हा लागतो. तोवर नुसता थांबायचा."

"लागला की कळतं?"

"चांगला बसवला असेल तर नाही कळत."

बाई दांडा मारता मारता म्हणाल्या, "असा एखादा घरातही बसवून घ्यावा म्हणते." मास्तर त्या सरळ पाट्याला कापडाने पुसत बसले, तो चकचकीत असायची काही आवश्यकता नसताना.

मग बावीस पोती आली. बावीसच. हमाल म्हणाला, "मागल्या खेपेला तेहेतीस होती ना मास्तर?" मास्तर म्हणाले, "तेव्हा मी हुशार होतो." बादली ठेवली, पाणी हललं, डचमळलं, पण सांडलं नाही. उलटलेल्या साक्षीदाराकडे पाहावं तसं मास्तरांनी बादलीकडे पाहिलं.

"आता मी बसतो," ते म्हणाले.

"अजिबात नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

त्या दिवशी ते ऐकल्यासारखं वागले. मात्र त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीला गाडी घेऊन वजनकाट्यावर पाठवलं, ती आत बसलेली असतानाचं रिकाम्या गाडीचं वजन करून आणायला. "उद्या भरून पुन्हा करू. चिठ्ठी असलेली बरी." मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. चिठ्ठी कुणासाठी असलेली बरी, हे तिने विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेच्या पेट्या मधाने थोड्या जड झाल्या होत्या, म्हणून तिने चाळीसच्या एकोणचाळीस केल्या आणि बेरीज अकराशेवर आणून ठेवली. उजाडायच्या सुमारास पेट्या चढल्या, पट्टे आवळले गेले. बंद दारांमागून एक सलग, जाड आवाज येत होता, दूरवर कुठेतरी मोटर चालू असावी तसा. आणि मागच्या टोकाला, फळी आणि शेवटची रांग यांच्यामधल्या हातभर जागेत, मधमाश्यांची जाळी डोक्यावर घालून, बुडाखाली दोन घड्या घातलेली ताडपत्री घेऊन मास्तर बसलेले होते. ताडपत्री बाईंनी दिली होती. त्याआधी त्यांनी फॉर्म काढला होता, सगळा मोठ्याने वाचून दाखवला होता, आणि मास्तर शेवटपर्यंत शांतपणे ऐकून म्हणाले होते, "बरोबर आहे. पण पोळ्यांच्या वतीने कोण बसणार?"

वजनकाट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ताई, मागे काय आहे?"

"मधमाश्या."

"आणि ते जाळीतले?"

मुलीने उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला, "माल आहे, माल! लिही तू."

त्या माणसाने मधमाश्या हा शब्द ऐकल्यापासून खिडकी निम्मी लावली होती. त्याने लिहिलं. चिठ्ठी मुलीने न बघता वरच्या खिशात ठेवली. नऊ पेट्यांची आठवण ताजी असताना आकडे वाचायची तिची इच्छा नव्हती.

पुढचे सत्तर किलोमीटर तिने आरशात बघत काढले. आरशात पेट्या दिसत, आणि पेट्यांच्या शेवटी जाळीचा गोल. रस्ता उखडलेला होता त्या पट्ट्यात जाळी खाली जाई, वर येई, थोडी डोले आणि थांबे. हवेत जात नव्हती. एका ठिकाणी तिने गाडी थांबवून विचारलं, "बाबा, ठीक आहे?"

"गप्प चालव. हे झोपलेत."

"कोण?"

"हे सगळे. आवाज ऐक. कमी झालाय."

तिने ऐकलं. कमी झाला होता.

शेतावर साहेब हजर होते. हात मागे बांधून उभे होते, मागच्या खेपेला उभे होते तसेच. पेट्या उतरल्या, एकेक झाकण निघालं, एकेक चौकट वर आली. मास्तर कंपनीच्या शेडच्या खांबाला पाठ लावून उभे होते, जाळी अजून डोक्यावर, आणि ओठ हलताना दिसत होते. ते मोजत होते. एकोणचाळीस. पोळी जागच्या जागी होती. मध चौकटीत होता. राण्या चालत होत्या.

साहेब म्हणाले, "गाडी बदललीत का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "पाटे बदलले."

"मग मागच्या वेळी का नाही बदलले?"

मुलीने बापाकडे पाहिलं. बाप सूर्यफुलांकडे बघत होता. अजून एकही उमललं नव्हतं.

"मागच्या वेळी वजनाचा अंदाज चुकला," ती म्हणाली. कुणाचा, ते तिने सांगितलं नाही. साहेबांनी मान डोलावली आणि ते पुढच्या वर्षीच्या तारखांचं काहीतरी बोलू लागले.

ते गेल्यावर मास्तरांनी हात पुढे केला. "चिठ्ठी बघू."

तिने दिली. मास्तरांनी चष्मा शोधला. तो जाळीच्या आत, डोळ्यांवरच होता. भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली. पुन्हा केली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, इतका तो त्या चार दिवसांत कधी उजळला नव्हता.

"अकराशे पंच्याहत्तर!" ते म्हणाले. "अकराशे पंच्याहत्तर! बघ! काय सांगत होतो मी? सगळे कमीच सांगतात. दीड नसेल, मान्य. पण कमी सांगतातच!"

"बाबा."

"पंच्याहत्तर किलो म्हणजे काही थोडं नाही, मिलिग्राम!"

"बाबा, गाडीत मागे तुम्ही होतात."

मास्तर थांबले. त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली.

"मी अडुसष्ट आहे," मग ठामपणे म्हणाले. "म्हणजे सात तरी तुझे जास्त निघाले. फॉर्मवर आहे माझं वजन. सरकारी फॉर्म आहे."

कंपनीच्या शेडमध्ये बियाण्याची पोती तोलायचा काटा होता. मुलीने त्याच्याकडे बोट दाखवलं. मास्तरांनी आधी जाळी काढून ठेवली. मग खिशातला पाना काढून ठेवला, चपला काढल्या, थोडा विचार करून चष्माही काढला, आणि चढले.

सदर इसमाचं वजन पंच्याहत्तर किलो आहे.